गोड बोलणारा डबा

एकदा एका वृद्ध दुभाष्याकडे त्याचा शिष्य सोबत्यांसह बनवलेले भाषांतराचे यंत्र घेऊन आला. एवढासा डबा. या भाषेत बोला, तो त्या भाषेत सांगणार, तेही मधात घोळलेल्या आवाजात! अशा वस्तूंचे आपल्याला भारी कौतुक असते.

म्हाताऱ्याचे आयुष्य सीमेवरच्या दवाखान्यात गेले होते. डॉक्टर परभाषक, रोगी मराठी, आणि मध्ये हा. दोन्हीकडचे ऐकून ऐकून तो पार थकला होता. म्हणाला, "चल बाबा, बघू दे. सुटेन तरी."

दवाखान्यात एक तरुण बाई आली. यंत्राने गोड आवाजात विचारले, "काय त्रास होतोय?" परक्या पुरुषांपुढे संकोचून, पदर तोंडाशी धरून ती पुटपुटली, "दिवस गेलेत... अन् कंबर लई दुखती."

यंत्राने क्षणार्धात डॉक्टरांना त्यांच्या भाषेत सांगितले, "बरेच दिवस झाले, माझी कंबर फार दुखते आहे." वाक्य कसे स्वच्छ! डॉक्टरांनी मानही वर न करता जालीम गोळी लिहायला घेतली. शिष्याची छाती फुगली.

तोच म्हातारा उठला आणि तेच वाक्य पुन्हा सांगू लागला. पण काय ते सांगणे! "दिवस... तिचे दिवस गेले... काळ लोटला म्हणा, नाहीतर..." तो थांबला. शिष्य शरमेने लाल झाला. डॉक्टरांनी लेखणी खाली ठेवली.

"नाहीतर काय?"

"नाहीतर गर्भ राहिलाय. आमच्यात दोन्हीला हेच म्हणतात. तिला काय म्हणायचंय, मला ठाऊक नाही. विचारायला हवं."

विचारले. बाईने खाली बघत सांगितले, "तिसरा सरतोय." डॉक्टरांचा चेहरा उतरला. त्यांनी चिठ्ठी फाडली. त्या गोळीने पोटातल्या जिवाला धोका होता.

बाहेर ओट्यावर शिष्य म्हणाला, "गुरुजी, हा अर्थ मी आजच यंत्रात घालतो."

"घाल. उद्या दुसरा शब्द दगा देईल. अरे, चूक मीही करतो. पण मी अडखळलो, म्हणून डॉक्टरांनी मान वर केली. तुझ्या यंत्राचं वाक्य गुळगुळीत होतं. त्यावर कोण कशाला थांबेल?"

"आम्ही लोकांना ऐकवून पाहिलंय, गुरुजी. सफाईदार भाषांतर त्यांना चटकन कळतं, पसंतही पडतं."

"तेच तर दुखणं आहे! सफाई दिसली की माणसाला ते खरंच वाटतं. तुझ्या यंत्राला आधी 'मला नीट कळलं नाही' म्हणायला शिकव. मी थकलोय रे. उद्या इथे मी नसेन, तेच असेल."

"पण असं कबूल करणारं यंत्र घेणार कोण?"

म्हाताऱ्याने सुस्कारा टाकला. अडखळणाऱ्या दुभाष्याला कुणी शहाणा म्हणत नाही.

इतक्यात ती बाई बाहेर आली. आत काय टळले, याची तिला गंधवार्ता नव्हती. डब्याकडे पाहून ती कौतुकाने म्हणाली, "दादा, काय ग्वाड बोलतो हो तुमचा डबा! आमच्या गावच्या दवाखान्यात पण द्या की एक."

शिष्याने तिच्याकडे पाहिले. मग डबा बंद करून पिशवीत टाकला.

"नाही ताई," तो म्हणाला, "त्याला अजून बोलता येत नाही."