राजा सांफोचा वाढता झगा

एका राज्यात, ज्वारीची कापणी उरकल्यानंतरच्या पंचमीला, वाळवंटावरून कोरडा वारा सुटला होता आणि धुळीआडचा सूर्य चांदीच्या थाळीसारखा फिका दिसत होता. त्या दिवशी राजा सांफो आपल्याच झग्यात हनुवटीपर्यंत बुडाला होता.

झगा सोन्याच्या जरीचा, मंतरलेल्या वारुळातून निघालेला. त्या राज्यात पुरुषाचे मोल झग्याच्या घेरावर ठरे. ज्याला झगा नाही त्याला दरबाराच्या ओट्यावर जागा नाही, कोणाच्या दारी मुलगी मागण्याचा हक्क नाही. राजाने सोन्याचा झगा चढवला, भाटांनी स्तुती आरंभली, आणि स्तुतीगणिक झगा वीतभर वाढू लागला. आधी राजाला मौज वाटली. मग झग्याने सिंहासन झाकले, अंगण भरले, वेस गाठली. कात्री लावावी तर कात्री मोडे. ओढावा तर निघेना.

मगरकुळातल्या बिरामाजवळ ना झगा, ना घोडा. पण राजकन्या तेनेंबाचा जीव त्याच्यावर जडला होता. ती म्हणाली, "बाबांना मान वर केल्याशिवाय श्वास घेता येत नाही. काहीतरी कर, बिरामा."

बिरामा गोरखचिंचेखाली गेला. वर, ज्याला सारे अडीअडचणीत सल्ला विचारत, तो धनेश पक्षी बसला होता.

"कामे तीन," धनेश म्हणाला. "भाटांची तोंडे बंद कर. राजाची थट्टा कर. मग राजाकडून तुझी थट्टा करवून घे. हा झगा स्तुतीवर पोसतो आणि थट्टेने आटतो."

दुसरे काम जिवावरचे होते. हत्तीकूळ आणि मगरकूळ यांच्यात पूर्वापार थट्टेचे नाते. लग्नात, बाजारात, अगदी मयताच्या घरीही एकमेकांना 'चवळीखाऊ' म्हणून हिणवावे आणि कोणी रागावू नये. पण राजा हत्तीकुळातला. थोरवीला शोभत नाही म्हणून झगा चढवताच त्याने ते नाते मोडले होते. आता थट्टेला शिक्षा एकच, शिरच्छेद.

पहिले काम तेनेंबाने सोपे केले. तिने भली मोठी कढई भरून तिखटजाळ चवळी रांधली. भाट तुटून पडले. तोंडे भरली, ढोल थांबले.

बिरामा दरबारात शिरला, वाकला, आणि सवयीने बोलून गेला, "हत्तीकुळाच्या सूर्या, साती नद्यांच्या धन्या!"

झगा सरसर वाढून राजाच्या नाकाखाली आला.

"अरे, मारतोस की काय त्यांना!" तेनेंबा किंचाळली.

वडीलधाऱ्यांपुढे स्तुतीवाचून तोंड उघडू नये, हे त्याला आईच्या दुधाबरोबर पाजलेले. त्याने जीभ चावली, डोळे मिटले आणि ओरडला, "ए चवळीखाऊ! हत्ती म्हणवतोस आणि झग्यात अडकून पडतोस?"

पहारेकऱ्यांनी भाले उगारले. पण झगा वीतभर उतरला. राजाचे तोंड मोकळे झाले, आणि राजाने डोळ्यांनीच पहारेकऱ्यांना थांबवले.

"आणखी बोल," राजा म्हणाला.

"तुझे कान हत्तीचे, अक्कल मुंगीची! तुझ्या कुळाने कढई पाहिली की राज्य विसरावे!"

झगा गळ्याखाली आला, छातीवर आला, आणि तिथेच अडला.

"आता महाराजांची पाळी," बिरामा म्हणाला.

"राजा थट्टा करत नाही."

"मग महाराज, झग्यातच राहा. थट्टा बरोबरीच्याशीच होते; माझ्यासारख्या बिनझग्याच्याला हिणवायचे म्हणजे आधी मला पुरुषांत धरावे लागेल, हीच अडचण ना?"

राजाने तेनेंबाकडे पाहिले. मग त्याच्या मिशा हलल्या.

"अरे मगरीच्या पोरा! तुझ्या आजाला माझ्या आजाने मूठभर चवळी देऊन विकत घेतले होते. घरी आणल्यावर कळले, सौदा महागात पडला!"

दरबार खदखदून हसला. भाटांच्या तोंडची चवळी उडाली. राजा स्वतःही हसला, पोट धरून, डोळ्यांत पाणी येईतो. झगा अंगावरून गळाला, वेशीपासून गोळा होत आला आणि राजाच्या पायाशी हातरुमालाएवढा होऊन पडला. राजा साध्या लुंगीवर उभा राहिला.

त्याच दुपारी थट्टेचे नाते पुन्हा सुरू झाल्याची दवंडी पिटली गेली आणि दरबाराचा ओटा बिनझग्याच्यांना खुला झाला. पेरणीआधी बिरामा आणि तेनेंबा यांचे लग्न लागले. बिरामाने झगा शिवला नाही.