बॉनेटवरची माणसं

खर्शीकर साहेबांच्या मोटारकारखान्यात रंगखात्याला आग लागून काही कामगार होरपळून मेले. महिनाभरातच नव्या गाडीच्या जाहिरातीची घाई सुरू झाली. गाडी अजून तयार नव्हती, म्हणून तिचं हुबेहूब चित्र कॉम्प्युटरवर बनवायचं काम हर्षदाकडे आलं.

पहिलं चित्र साहेबांनी झिडकारलं. "हा मेटॅलिक रंग आहे की प्लॅस्टिकची बादली? रंगात आजूबाजूचं सगळं उमटलं पाहिजे. गाडी आपल्या मोठ्या गेटसमोर दाखव, गाडीच्या दारावर गेटवरचं कंपनीचं नाव झळकू दे. खरं वाटलं नाही, तर दुसरी नोकरी शोध."

हर्षदाने गेटसमोर उभं राहून चहूबाजूंचे फोटो काढले आणि कॉम्प्युटरमधल्या गाडीभोवती लावले, म्हणजे तिच्या रंगात ते आपोआप उमटतील. वेळ इतका कमी होता की चित्र थेट डीलरांच्या बैठकीतच पडद्यावर आलं.

रंगातला कण न् कण चमकत होता. दारावर कंपनीचं नाव होतं. आणि बॉनेटवर, त्याच्या गोलाईबरोबर वाकलेली, बसलेली माणसं उमटली होती. बायकांच्या मांडीवर हार घातलेले फोटो होते.



"ही कोण माणसं?" साहेबांनी दरडावून विचारलं.

"मेलेल्या कामगारांच्या घरची. आग लागल्यापासून गेटसमोर बसून आहेत."

"खोटं आहे. मी रोज येतो. मला कधी कुणी दिसलं नाही."

नोकरी गेली हे हर्षदाने ओळखलं होतं. ती शांतपणे म्हणाली, "कसं दिसेल, साहेब? तेव्हापासून तुमची गाडी मागच्या गेटने येते. तिच्या रंगात हे उमटत नाही."