मोबाइल सोडवणारं ॲप

मोबाइलचं व्यसन सोडवणारं ॲप मिहिर दाभोळकरांनी काढलं आणि त्याचा प्रचार अर्थातच मोबाइलवरच्या रील्समधून सुरू केला. दारूबंदीची पत्रकं गुत्त्यात वाटावीत, तसा. त्यासाठी ब्रँड ॲम्बेसेडर नेमले. अट एकच : आधी ॲप स्वतः वापरायचं, मग रोज पाच रील्स टाकायच्या.

इचलकरंजीच्या ॲम्बेसेडर सुनंदा म्हेत्रेंनी पंधरा दिवसांत एकही रील टाकली नाही. दाभोळकरसाहेबांनी त्यांना पुण्याच्या ऑफिसात बोलावून गुंतवणूकदारांसमोरच झापलं, "आत्ताच्या आत्ता काढून टाकतो तुम्हाला!"

"काढा की," सुनंदाबाई म्हणाल्या. "ॲप वापरल्यापासून मोबाइलला हात लावावासाच वाटत नाही. फक्त पत्रात कारण स्वच्छ लिहा, साहेब : ॲपचा गुण आला म्हणून काढलं."

गुंतवणूकदार हसले. साहेबांनी मान खाली घातली, आणि सवयीनं ते हातातल्या मोबाइलवर रील्स बघायला लागले.