मेजरबाईंची साडी

आमच्या सासूबाई लष्करी इस्पितळातून मेजर म्हणून निवृत्त झाल्या. दोन युद्धांतले जखमी त्यांनी सांभाळले, नंतर आमचं हे भलंमोठं खटलं. तरी गावात माजी सैनिकांचा सत्कार असला की दरवर्षी तेच! पुरुषांना शाल-श्रीफळ आणि पुढची खुर्ची. सासूबाईंना मागे बायकांत बसवून साडी आणि खणनारळ. सांगून सांगून आमची तोंडं दुखली.

यंदाही मंडळाचे अध्यक्ष आप्पासाहेब माइकवर गरजले, "इंदुमतीबाई, या! सैनिकाच्या पत्नीचाही मान मोठा असतो!"

छातीवर पदकं लावलेल्या सासूबाई काठी टेकत वर गेल्या.

"ही साडी सैनिकाच्या जोडीदाराला ना?"

"अर्थात!"

"मग माणूस चुकलात तुम्ही. सैनिक मी. जोडीदार तिकडे बसलाय. अहो, इकडे या!"

जन्मभर शाळामास्तरकी केलेले मामंजी शांतपणे वर आले आणि त्यांनी उपरणं पसरलं. मांडव हसून लोटपोट झाला. आप्पासाहेब साडी धरून नुसतेच उभे. सासूबाई तोवर पुढच्या खुर्चीत जाऊन बसल्या होत्या.

"द्या हो, लाजू नका," मामंजी म्हणाले. "इतकी वर्षं माझी साडी चुकून हिलाच जात होती."