मानाचा चांदवा

एका राज्यात, उत्तरेच्या पार टोकाला, कर्पूरसर नावाचे गोड्या पाण्याचे सरोवर होते. हिवाळ्यात गोठलेल्या पाण्यावरून बैलगाड्या जात आणि उन्हाळ्यात होड्या. पाण्यात चांदवा नावाचा मासा राही, काठावर भोई राहत.

वसंतात बर्फ फुटले की जाळी पडत. ज्या घराचा चांदवा सर्वांत मोठा, त्या घराला वर्षाचा मान. मासा राजाच्या ताटात जाई, त्याचा जबडा राजवाड्याच्या देवडीत टांगला जाई आणि घरच्या कर्त्याच्या डोक्यावर रुपेरी पागोटे चढे. पिढ्यान्‌पिढ्या हे चालले. सर्वांत मोठा चांदवा म्हणजे थोरली मादी; यंदाची थोरली गेली, पुढल्या साली तिच्याखालची गेली; असे करत सरोवरातल्या थोरल्या सरल्या. तेव्हा पाण्याखाली राहणाऱ्या जळजोगिणीने शाप दिला, "माझ्या घरचं मोठं तुम्ही राहू देत नाही. तुमच्या घरचंही मोठं होणार नाही."

तेव्हापासून राज्यात मुले जन्मत, बोलत, शहाणी होत. पण राहत वीतभरच.

भिवरा भोईणीची जिवली अशीच होती. दुधाचे दात पडून पक्के आले, तरी ती आईच्या ओंजळीत मावे. तिचा बाप बर्फाखाली गेला होता. घरात कर्ते म्हणून आजोबा, तुळोजी. मान बरीच वर्षे त्यांच्याकडे होता. राजाच्या मांत्रिकाने तोडगा सांगितला होता की मोठ्यात मोठा मासा अर्पण करा, शाप उतरेल. म्हणून एकही मासा निसटू नये अशी भोयांनी जाळी अधिक बारीक विणली. मासे त्याहून बारीक झाले.

एके सकाळी जिवलीला मांजराने उचलले. भिवराने तिला त्याच्या दातांतून सोडवले, दंडावरची जखम धुतली आणि ती तडक बर्फावर चालत गेली. बर्फातल्या भोकापाशी पाणकावळा बसला होता.

"कुठं निघालीस, भोईणबाई? खाली तुमच्या माणसांना कुणी पाट मांडत नाही."

"पाट नको. वाट सांग."

"वाट हीच. श्वास इथं ठेवून जा, मी राखतो."

भिवराने श्वास त्याच्यापाशी ठेवला आणि ती उतरली. जळजोगीण शेवाळाच्या गादीवर बसली होती. तिने वर पाहिले नाही.

"तीन कामं आहेत. माझी शेवटची थोरली शोध, आणि तिला हात लावू नकोस. असा सापळा विण की त्यात आज्या शिरणार नाहीत आणि नाती अडकणार नाहीत. आणि तुमचा तो मान ज्याच्या डोक्यावर आहे, त्यानं तो आपणहून खाली ठेवावा. त्याला कुणी सांगायचं नाही, विनवायचंही नाही."

थोरली भिवराला तळच्या झऱ्याच्या, उमाळ्याच्या तोंडाशी दिसली, जिथे पाणी कधी गोठत नसे. होडीएवढी लांब, पोट गाभोळीने जड. भिवराचे हात आपोआप पुढे गेले. तिने ते पाठीमागे बांधले.

"माझ्या एका खेपेची अंडी," थोरली म्हणाली, "त्या बोटभर पोरी जन्मभरात घालत नाहीत. थंडी कशी काढायची हेही त्यांना कुणी शिकवलं नाही."

वर येऊन, श्वास परत घेऊन, भिवराने वेत भिजवले. सापळ्याचे तोंड अरुंद केले. थोरल्या आज्या त्यात शिरणार नव्हत्या. पण नाती निसटून जाव्यात म्हणून वीण किती विरळ ठेवावी ते उमगेना. तिने पुनःपुन्हा विणले, पुनःपुन्हा उसवले. शेवटी जिवलीच सापळ्यात शिरली आणि वेतांमधून अंग काढून बाहेर आली.

"कंबर घासली, आई. थोडं सैल कर. माझ्यापेक्षा गुबगुबीत पोरं असतील त्यांची."

दोन कामे झाली. तिसरे तुळोजींचे होते, आणि सांगायची बंदी. भिवराने त्यांना फक्त सापळा दाखवला आणि तो उमाळ्याशी दिसलेल्या थोरलीच्या पोरांसाठी विणला ते सांगितले. म्हाताऱ्याने त्यातले एकच ऐकले.

"थोरली जिवंत आहे?"

आपण काय केले ते भिवराला कळले.

बर्फ फुटले. ढोल वाजले. तुळोजींनी उमाळ्याच्या तोंडाशी जाळे टाकले आणि थोरलीला पाण्याने भरलेल्या लाकडी डोणीत घालून, गाडीवरून राजवाड्यात आणले. असा मासा कुणी आजोबांच्या तोंडूनही ऐकला नव्हता. राजा सुवर्णकेतू सिंहासनावरून उतरला. त्याचा वीतभर युवराज त्याच्या तळहातावर उभा होता.

"तुळोजी, हा मान आता सात पिढ्या तुझ्या घरी. सुरी घे."

रीत अशी की कापण्याआधी मानकऱ्याने जबड्यांच्या रांगेखालून चालावे. तुळोजी चालू लागले. भिवरा मागून गेली. ओठ तिने दातांखाली धरले होते. जिवली तिच्या पदरातून मान वर करून बघत होती.

"आबा, हा केवढा. कुणी आणला?"

"माझ्या आजोबांनी."

"आणि हा?"

"बापानं."

"आणि हे एवढंसं?"

तुळोजी थांबले. तो जबडा जिवलीच्या मनगटातही गेला नसता.

"हा मी," ते म्हणाले.

ते मागे फिरले. पुन्हा पहिल्यापासून चालले, आता सावकाश, एकेका जबड्याखाली थांबत. देवडीत डोणीतल्या पाण्याचा आवाज तेवढा होता. मग त्यांनी पागोटे काढले आणि फरशीवर ठेवले.

"महाराज, आमच्या घराला हा मान नको."

"मग कुणाच्या घराला देऊ?"

तुळोजी बाकीच्या भोयांकडे वळले. प्रत्येकाच्या खांद्यावर नाहीतर खिशात वीतभर लेकरू होते. कुणी पुढे आले नाही. मांत्रिक काही बोलणार होता, राजाने हात वर केला. त्याने युवराजाला राणीकडे दिले आणि डोणीचे एक टोक स्वतः धरले.

"दुसरं टोक धर, तुळोजी. जड आहे."

थोरली कर्पूरसरात गेली आणि पाणी तिच्यावर मिटले. त्याच क्षणी भिवराच्या पदरातला भार वाढला. तिने जिवलीला खाली ठेवले, तर पोर तिच्या गुडघ्याला लागली, मग कमरेला. अंगातले झबले केव्हाच फाटले होते. भिवराने तिला आपल्या पदरात गुंडाळले आणि जमिनीवर बसून ती रडली.

मुले एका दिवसात वाढली. माशांना वेळ लागला. भोयांनी बारीक जाळी जाळली, भिवराच्या हातचे सापळे विणायला घेतले आणि कैक वर्षे अर्धपोटी काढली. चांदवे पुन्हा हातभर झाले ते पाहायला तुळोजी राहिले नाहीत. पण त्या राज्यात भुकेल्या वर्षीही थोरलीच्या अंगावर कुणी जाळे टाकले नाही.

त्यांच्या पाण्यात थोरली राहिली, तशी तुमच्याआमच्या पाण्यात राहो.