टिटवीची अंगाई

माणसांची वस्ती व्हायच्या आधी, नदीकाठच्या रानात दरवर्षी वडाखाली कविसंमेलन भरायचं. कवी तोंड उघडायच्या आत सूत्रसंचालक वानर सांगून टाकायचा, की आता काय ऐकायला मिळणार. टिटवी ओरडली की कोणीतरी जाणार, हे तर सगळ्या रानाने धरूनच ठेवलं होतं. म्हणून तिची पाळी आली की वानर आवाज खाली आणायचा, “मंडळी, मन घट्ट करा.”

त्या वर्षी टिटवीने पिल्लांसाठी अंगाई रचली होती. तिने वानराला आधीच विनवलं, “दादा, या खेपेला काही सांगू नका.” वानर खरंच काही बोलला नाही, नुसता उसासा टाकून बाजूला झाला. टिटवीने पहिली ओळ म्हटली मात्र, हरणीने पाडसाला पोटाशी ओढलं. म्हाताऱ्या साळिंदराने डोळे पुसले. ससे तर अंगाई संपायच्या आतच घराकडे निघाले.

परतीच्या वाटेवर कोकिळा तिच्याशेजारी येऊन टेकली. तीही दमलेली दिसत होती. “दुसऱ्याच्या घरट्यात ठेवून आलेल्या अंड्यासाठी आज रडले गं मी,” ती म्हणाली. “तर सगळे म्हणाले, वा, वसंत आला.”

टिटवी काठावरच्या गोट्यांमध्ये उतरली, पिल्लांना पंखाखाली घेतलं आणि तीच अंगाई हळू आवाजात म्हणू लागली.

धाकटं पिल्लू दचकून जागं झालं.

“आई,” त्याने विचारलं, “कोण गेलं?”