घुंगरांतले बोळे

बर्फाच्या देशात कोणे एके काळी झार अस्वलाची घसरगाडी राजवाड्यातून निघाली, पण घुंगरं वाजलीच नाहीत. गाडी ओढणारी दाशा घोडी दचकली. प्रत्येक घुंगरात कापसाचा बोळा कोंबलेला होता.

"कोल्होबा, हे काय हो?" तिनं शेजारून चालणाऱ्या प्रधानाला विचारलं.

"झारसाहेब झोपलेत. तू आपली ओढ."

उद्या भर दरबारात सगळ्या घोड्यांचे लगाम कायमचे काढायचं झारनं कबूल केलं होतं. त्याआधीच हा कोल्हा झारला पळवून नेतोय की काय?  दाशा थांबली.

"महाराज, जागे आहात का?"

तिनं मान वळवून पुन्हा हाक मारली.

"महाराज, उठा, दगा आहे."

पांघरुणातून अस्वल पुटपुटलं, "हळू बोल गं. बोळे मीच घालायला लावलेत. उद्याच्या दरबाराआधी मला गुपचूप निघून जायचंय."